हजारापासून बोली

मी पालमच्या एका शिक्षणसंस्थेत हिशेबनीस आहे. एकवीस वर्षांत माझ्या ताळेबंदात एका रुपयाची चूक निघालेली नाही. ही बढाई नाही, पुढचं वाचताना एवढं लक्षात असावं म्हणून सांगतो. ज्याला आकडे कळत नाहीत त्याला भुतं दिसतात, असं मी ऑफिसात नेहमी म्हणायचो.

बास्केटबॉल मी आयुष्यात खेळलेलो नाही. संस्थेच्या मैदानात रिंगचा एक खांब उभा आहे, त्याला कुणाची ना कुणाची शेळी बांधलेली असते. पण दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक खेळ सापडला, त्यात चेंडूला हात लावायचाच नसतो. आपण संघाचे मालक. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार भागवायचे, तिकिटाचा दर ठरवायचा. सामने आपोआप होतात. दर सोमवारी सकाळी सहाला हिशेब लागतो, तिकिटांचे पैसे आत आणि पगार बाहेर. जगभरचे लोक हा खेळ खेळतात आणि बहुतेक जण कफल्लक असतात, कारण त्यांना जिंकायची हौस. मला जिंकायचं नव्हतं, शिल्लक टाकायची होती. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी पगार कापायचो, आणि खरं सांगतो, मला त्यात फार मजा यायची.

खेळाडूंची नावं परदेशी, जिभेला गाठ पडेल अशी. थोडे पैसे भरले की ती बदलता यायची. मी बाराच्या बारा बदलली आणि ओळखीची माणसं बसवली. खेळात सगळे पुरुष, पण नावाला कोण विचारतो? सगळ्यात उंच खेळाडूला वडिलांचं नाव दिलं, चंद्रभान. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. न थकता पळणारी ती राजेश्री, माझी बायको. एकोणीस वर्षांचा एक हिरा होता, त्याला मुलीचं नाव, अपेक्षा. ती बारावीला होती. एकाला आमच्या शिपायाचं, बन्सीधरचं. आणि कायम बाकावर बसलेल्या बुटक्याला माझं स्वतःचं, योगीराज. ते बघून राजेश्री पोट धरून हसली होती.

"सोताला बराबर वळखलंत," म्हणाली.

पहिला गेला बन्सीधर. फेब्रुवारीत खर्च वाढला म्हणून मी त्याला आठ हजारांना विकला. सोमवारी ऑफिसात आलो तर टेबलावर चहा नव्हता.

"बन्सीधर आला न्हाई का?" मी समोरच्या बालाजीला विचारलं. बालाजी आमचा कारकून, चेष्टेखोर माणूस.

"कोण बन्सीधर?"

मी हसलो. तो हसला नाही. मी हजेरीपट काढला. हजेरीपटावर नावं मीच लिहितो, दर महिन्याला, निळ्या शाईने. एक ते सात अनुक्रमांक होते, अक्षर माझं होतं, आणि बन्सीधर त्यात नव्हता. मागचे महिने उलटले, मागची वर्षं उलटली. कुठे खाडाखोड नाही. दाराशी जिथे त्याचं स्टूल असायचं तिथे पाण्याची टाकी होती आणि तिच्या नळाखालच्या फरशीवर क्षाराचा पांढरा थर जमला होता. तसा थर जमायला दहा वर्षं तरी लागतात.

त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. लावला.

"सर, मी जिंतूरला हाय," बन्सीधर म्हणाला. आवाज दबका होता. "हितल्या शाळेवर. वीस वर्सं झाली म्हणायलेत समदे." मग आणखी हळू आवाजात विचारलं, "सर, माझे किती आले?"

मी फोन ठेवून दिला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी बदलली होती. मी सगळं त्या गोळीवर ढकललं.

आता आण्णांचं सांगतो, आणि लपवाछपवी न करता सांगतो. खेळातला चंद्रभान चौतीस वर्षांचा, म्हणजे तिथे म्हातारा. गुडघे गेलेले, पण पगार सगळ्यात जास्त, कारण पगार ठरायचा कधीकाळच्या कर्तबगारीवर. घरीही तेच चाललं होतं. मोतीबिंदू, लघवीचा त्रास, गुडघ्याचं इंजेक्शन, आणि वर जिभेचा पट्टा चालूच. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस, तोंडाला काय कमी? "हिशेबनीस म्हणं! दुसऱ्याचे पैशे मोजायला अक्कल लागत न्हाई," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. त्या आठवड्यात ते दोनदा म्हणाले.

मी चंद्रभानला विक्रीला लावलं. एकदा घडला तो योगायोग, पुन्हा घडत नाही हे पडताळायचं, असं मी मनाशी घोकत होतो. बोली हजारापासून ठेवली. चौतिसाव्या वर्षीचं खोड कोण घेतंय? पडताळणी वगैरे थाप होती. काय होतं ते मला बघायचं होतं.

शेवटच्या दोन मिनिटांत दोघांची चुरस लागली. चंद्रभान एक्केचाळीस हजारांना गेला. घेणाऱ्या संघाचं नाव होतं वालूर. मला आनंद झाला, तो मी आजही नाकारत नाही.

सोमवारी सकाळी आण्णा अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओट्यावर बसले होते. शेजारी कापडी पिशवी. सात वाजता जीप आली. माझ्याच वयाचा एक माणूस उतरला आणि त्यांच्या पाया पडला.

"आण्णा, चला घरी."

आण्णा उठले. माझ्याकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं, बैलाचे दात बघावेत तसं, आणि जीपमध्ये बसले. राजेश्री पदराला हात पुसत बाहेर आली.

"दत्तराव, चहा तरी घ्या की. म्हातारं माणूस आठ दिवस राहिलं, पर काई तरास न्हाई."

"आठ दिवस?" मी म्हणालो.

"मंग? वालूरहून आलते तवापासून." तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुमाला बरं न्हाई का?"

आत जाऊन मी रेशनकार्ड काढलं. तीन नावं होती. आण्णांच्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली होती आणि त्यांच्यामागे कोळ्यांची जुनी जाळी. अपेक्षा दारात उभी राहून माझी शोधाशोध बघत होती. "पप्पा, काय हरवलंय?" तिने विचारलं. मी काही नाही म्हणालो.

तीन दिवस मी भाकरी गिळली. तोंडाळ असो, हलकट असो, बाप होता. त्याच्या अंगाचा तंबाखूचा वास मला घरभर यायचा आणि दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. गुरुवारी रजा टाकली, परभणीला गाडी बदलून वालूर गाठलं.

दत्तरावांचं बी-बियाण्यांचं दुकान. दाराशी खुर्चीत आण्णा बसले होते. मला बघून त्यांनी मान वळवली. गल्ल्यामागे दत्तराव मोबाइलवर होते. पडदा मी लांबूनच ओळखला.

"तुमी बी खेळता?" मी विचारलं.

"येडा नाद हाय," ते हसले. "एक म्हातारा घेऊन फसलो बघा. चंद्रभान नावाचा. नाव बदलायला बी पैशे घातले न्हाईत. पगार झेपंना. सोमवारी कमी करतो त्याला."

कमी केलेला खेळाडू कुठल्याच संघाचा राहत नाही. तो यादीतून जातो. गेलेला परत आलेला मी कधी पाहिला नव्हता.

"आणि हे?" मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"हे आमचे आण्णा. यांचं काय?"

त्यांच्या आवाजात काही काळंबेरं नव्हतं. भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. नवरदेवामागे आण्णा उभे होते, काळ्या मिशीचे, आणि तो कोट मी ओळखला. माझ्या लग्नात त्यांनी तोच घातला होता.

"कमी करू नका," मी घाईने बोलून गेलो. "मी घेतो."

दत्तरावांनी मोबाइलवरून नजर उचलली. माझा चेहरा त्यांनी दोन-तीन क्षण वाचला.

"तीन लाखाला लावतो मंग," ते म्हणाले. "उद्या दुपारपस्तोर."

दलालाच्या पोराने अशी चूक करू नये. गरज दिसली की भाव चढतो, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलं जायचं.

मी बाहेर येऊन आण्णांशेजारी बसलो. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, आधी दहा-दहा हजारांची बोटं, मग सुट्ट्या हजारांची; शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. त्यांनी माझ्यापुढे पंजा उघडा धरला. त्यांचे किती आले, ते विचारत होते.

मी आधी चार बोटं धरली. मग एक.

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात कापडाबाहेर ढकलला. बाजारात त्याचा अर्थ एकच असतो, सौदा मोडला.

"दत्तू, पाव्हण्याला चहा सांग रे," ते मोठ्याने म्हणाले.

परतीच्या एसटीत मी शिल्लक पाहिली. एकसष्ट हजार.

आधी मी स्वतःला विक्रीला लावलं. हे मी शपथेवर सांगतो. हजारापासून बोली, त्याखाली खेळ जाऊच देत नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत वाट पाहिली.

योगीराजवर एकही बोली आली नाही.

राजेश्रीचे नव्वद हजार आले असते. त्यात भागत नव्हतं. राहिली अपेक्षा. एकोणीस वर्षांचा खेळाडू, अशांवर लोक तुटून पडतात. मी कागदावर हिशेब मांडला. पोरीला पुढच्या महिन्यात परत घेता येईल, बापाला सोमवारनंतर नाही. हिशेबात चूक नव्हती. मी तो दोनदा तपासला.

अर्ध्या तासात ती तीन लाख दहा हजारांना गेली. डबा संपायच्या आत मी चंद्रभान घेतला.

एकदा झालेली विक्री फिरवता येत नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अपेक्षा पुस्तकं बांधत होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. शनिवारभर ती माझ्याकडे न बघता वावरली. रविवारी जेवताना तिने विचारलं, "पप्पा, तिथं बारावीचं सेंटर कुठलं असंल?"

"कुठं?" राजेश्री म्हणाली.

मी ताट सारून हात धुवायला उठलो.

सोमवारी पांढरी गाडी आली. नवरा-बायको होते, बोलायला गोड. राजेश्रीने धपाटे बांधून दिले. "सुट्टीत पुन्ना ये गं," म्हणाली, आणि लगेच आत गेली, दूध उतू जात होतं. पोरीला निरोप द्यायला एकटा मी उभा होतो. ती पुढच्या सीटवर बसली आणि काच वर केली.

तासाभराने जीपमधून आण्णा उतरले. काठी टेकत सगळ्या खोल्या फिरून आले.

"पोरगी कुठं हाय?"

"कोंची पोरगी, मामंजी?" राजेश्रीने विचारलं.

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

दुपारी मी अपेक्षा ज्या संघात गेली त्याची यादी उघडली. तिला परत घ्यायला किती लागतील ते बघायचं होतं. तिथे अपेक्षा नव्हती.

एकोणीस वर्षांचा खेळाडू होता. तीच उंची, तेच गुण, तोच पगार. नाव अर्पिता.

मी तिचा नंबर लावला. सहाव्या रिंगला उचलला. बोलण्याआधी नाक ओढायची तिची सवय, ती ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"अपेक्षा, मी बोलतोय."

मागून एका पुरुषाचा आवाज आला. "कुणाचा फोन हाय गं, अर्पिता?"

"राँग नंबर हाय, पप्पा," ती त्याला म्हणाली.

आणि मग मला, अगदी अदबीने:

"तुमाला कोण पायजे, काका?"