उंबऱ्यावरची थापी

माझा स्वभाव संशयी आहे, असं मंजुळा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत आली. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही मी ताक फुंकून पितो. कारखान्यात मालाच्या तपासणीवर असणाऱ्या माणसाचं तेच तर काम.

एक्याऐंशीच्या डिसेंबरात आम्ही कोलशेतला, खाडीच्या अंगाला दोन खोल्या बांधून राहायला आलो. मागच्या जागेत मंजुळेने वांगी-मिरच्या लावल्या आणि गुरं शिरू नयेत म्हणून मी काँक्रीटच्या ब्लॉकची भिंत घातली. साठ फूट लांब, सहा फूट उंच. पलीकडे नुसता चिखल आणि तिवरं. त्यामुळे गिलावा फक्त आतल्या बाजूने करायचा ठरवला. खेकड्यांना गुळगुळीत भिंत दाखवून काय करायचं होतं?

गवंडी विठ्ठलवाडीचा कुंडलिक. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याचा एक नेम होता. रोज संध्याकाळी थापी बादलीत विसळून तिथेच ठेवायची. काम पुरं झालं की मात्र ती घासूनपुसून, खोबरेलाचं बोट फिरवून घराच्या उंबऱ्यावर ठेवायची. मालकाने उचलून हातात दिली की काम संपलं.

"आणि मालकाने नाही दिली तर?" मी गमतीने विचारलं.

"मग गवंडी जात नाय साहेब. थांबतो."

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मी हिशेब मांडला होता: अर्धा इंच जाडी, एकास चार सिमेंट-वाळूचा माल, म्हणजे तीन गोण्या पुरे. नासाडी धरून चार आणल्या. तिसऱ्या दिवशी चारही संपल्या आणि भिंतीचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला होता.

मी खिळा ठोकून जाडी पाहिली. दहा ठिकाणी पाहिली. सगळीकडे अर्धाच इंच.

"भिंत माल ओढते," कुंडलिक म्हणाला. तोही बुचकळ्यात पडला होता, पण मला ते सोंग वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापूरबावडीच्या नाक्यावर गेलो. कुंडलिक इतर गवंड्यांबरोबर चहा पीत होता. सगळ्यांच्या देखत मी त्याला तीन गोण्यांचा जाब विचारला. बोलता बोलता 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, आणि शेवटी 'चोर' म्हणालो. त्याने अर्धा चहा खाली ठेवला.

"थापी तुमच्याकडं राहू दे," एवढंच म्हणाला. "काम पुरं नाय झालं, मला नेता येत नाय."

आठवडाभरात ऐकू आलं की कुंडलिकला कुणी कामावर घेत नाही. मला वाईट वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग एका दुपारी कोळीवाड्यातली चंद्रभागा मासळी घेऊन दारात आली. तिने पाटी उतरवली आणि मंजुळेला विचारलं, "वैनी, तुमच्या भिंतीला मांगारी, खाडीच्या अंगाला, कोन गिलावा करतंय? व्हरी वल्हवत जाताना आवाज येतंय, मानूस दिसत नाय."

ओहोटी होती. मी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून वळसा घालून गेलो.

भिंतीची मागची बाजू पूर्ण झाली होती.

थापीने नव्हे, हाताने. बोटांचे पट्टे खालून वर, एकाला एक लागून, एकसारखे. मी खिळा ठोकला. अर्धा इंच. चिखलावर माझ्या पावलांखेरीज पाऊल नव्हतं. बरोबर मधोमध, आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर, अडीच फूट रुंदीची उभी पट्टी कोरी सोडलेली होती. तिच्या कडा मी ओळंबा लावून तपासल्या. सुताचाही फरक नव्हता.

मी विठ्ठलवाडी गाठली. कुंडलिक काही न विचारता आला. चिखलात उभा राहून त्याने भिंत बराच वेळ पाहिली.

"काम चांगलं हाय," तो म्हणाला. "ही दाराच्या चौकटीची जागा सोडलीय."

"ती बुजवून टाका कुंडलिकराव. लगेच."

"नाय साहेब. दुसऱ्यानं धरलेल्या कामाला त्याला विचारल्याबिगर हात लावायचा नसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं सिमेंट कुठं गेलं ते दिसलं ना? आता नाक्यावर चला. तिथं बोललात, तिथंच सांगा."

"काय सांगू? लोक मला वेड्यात काढतील."

"मी चोर नाय, एवढंच सांगा."

मी म्हणालो, उद्या बघू. तो थापी न घेताच गेला.

तो गेल्यावर मी शेजाऱ्याकडून अर्धी गोणी सिमेंट आणलं. कुंडलिकच्या थापीने ती कोरी जागा स्वतः बुजवली. ओबडधोबड झाली, पण बुजली. थापी बादलीत विसळून भिंतीपाशी ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली, वर अडसर लावला.

सकाळी मंजुळेने हाक मारली. आवाज अगदी हळू होता.

कडी तशीच होती. अडसर तसाच होता.

चुलीशेजारी माझा गिलावा पडला होता. खरवडून काढलेला, चाळलेला, नीट ढीग करून ठेवलेला. फडताळातल्या खोबरेलाच्या बाटलीचं बूच काढलेलं होतं.

हे कुंडलिकचंच काम असावं, असं मला वाटलं. नाही, वाटलं नाही. मी तशी आशा केली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा माणूस खरोखर चोर निघावा, रात्री कुलपं उघडणारा निघावा, म्हणून मी हात जोडले असते. पण कुंडलिक चोर नव्हता. हे मला कालच माहीत होतं, आणि नाक्यावर जाऊन ते सांगणं मी आजवर ढकललं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आतल्या बाजूला थापी ठेवलेली होती. घासलेली, पुसलेली, तेलाने चकाकणारी.

मूठ माझ्याकडे होती. मी ती उचलून हातात द्यावी, याची कुणीतरी वाट पाहत होतं.