हात लाव वो बाई

भिलाईत, हथखोजच्या अलीकडं, रुळाच्या मागं आमची बस्ती आहे. इथल्या विहिरीचं पाणी एकदा पिऊन पाहा, मंग बोला. वैशाखात साऱ्या भिलाईचे नळ कोरडे खोकतात, तेव्हा आमच्या बाया गुंड-घागरी भरून, उरलेल्या पाण्यानं पाय धुऊन घरी येतात. ही विहीर आम्ही बायांनी वाचवली. आम्ही, अन् आणखी एकीनं... ती कोण, हे मले आजवर ठाऊक नाही. बसा, सांगते. भेव लागलं तर लागू द्या, पण आधी घोटभर पाणी घ्या.

त्या साली पाऊस आला नाही असं नाही. आला, गल्ल्या बुडवल्या, अन् गेला तो गेलाच. पहिले असं नव्हतं. पहिले आभाळ हळूहळू द्यायचं, जमीन हळूहळू प्यायची. होळीच्या आधीच हातपंप हवा ओकू लागले. घराघरात बोर मारल्यापासून विहीर कचऱ्यागाळानं भरत आली होती, आता ते बोरही एकामागून एक बसले. वैशाखात एका दिवशी मी, सून दामिनी अन् शेजारची मैनाबाई गुंड घेऊन टँकरच्या लायनीत उभ्या होतो. टँकर काही आला नाही. आले भय्याजी, बस्तीच्या समितीचे पुढारी.

"काकी, कल सुबह जेसीबी आ रही है," ते मले म्हणाले. "कुआँ मिट्टी से पाट देंगे. सूखे कुएँ में कोई बच्चा गिर गया तो?"

"अन् पाणी निघालं त?" मैनाबाईनं विचारलं.

"पानी निकला तो मैं खुद उसकी आरती उतारूँगा." भय्याजी हसले.

"आरती मंग उतरवजा. पहिले ते मशीन उतरवू नोका," मैनाबाई म्हणाली.

ही विहीर माह्या सासूच्या हातची. भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा आमचे लोक भंडाऱ्याकडून आले. बाया दिवसभर प्लांटवर माती वाहत अन् तिथून आल्यावर ही विहीर खोदत. सासू सांगायची, एकदा कड ढासळली अन् एक रेजा, माती वाहणारी मजूर बाई, खालीच राहिली. एकटीच आलेली, कोणत्या गावची कोणाले माहीत नाही. पुढं पाणी लागलं, लोक प्यायले. एवढं सांगून सासू कामाले लागायची.

रिकामे गुंड घेऊन आम्ही घरी नाही गेलो, विहिरीवर गेलो. उतरायचं मी म्हणली.

"आत्याबाई, तुमी नोका जाऊ..." दामिनी म्हणाली.

"तुह्या पोटात लेकरू आहे. मैनीचे गुडघे गेले. मंग कोण जाईल, भय्याजी?"

माणसं ड्यूटीवर होती. दोर बायांनीच धरला. पहिले कंदील सोडून पाहिला. विझला नाही, म्हणजे खाली हवा चांगली होती. मंग मी कमरेले दोर बांधला अन् उतरली.

भर दुपार होती. वर ऊन असं की चप्पल चिकटावी. पण दोन माणसांएवढी खोल गेली अन् थंडी वाजू लागली. वरचं आभाळ परातीएवढं झालं, मंग ताटलीएवढं. बायांचे आवाज येत, पण दुसऱ्या गावाहून आल्यावानी. सडलेल्या फुलांचा, प्लास्टिकच्या पन्न्यांचा वास होता. त्याच्याखाली आणखी एक वास होता, जुन्या ओल्या दगडाचा. त्या वासानं मले आस लागली. पाणी दूर नाही, म्हटलं.

मी कुदळ मारू लागली. गाळ घमेल्यात भरायचा, घमेलं छातीइतकं उचलायचं, दोराच्या आकड्याले अडकवायचं, दोराले झटका द्यायचा. पहिलं कसंतरी उचललं. दुसरं उचलेना. तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "हात लाव वो बाई."

आमच्यात असं आहे. धानाच्या शेतात, बांधीत, ओझं उचलायचं तर जवळच्या बाईले हेच म्हणायचं. मान वर करून पाहायचंही नाही. कोणी ना कोणी हात लावतेच. जन्मभराची सवय. मी म्हणली, अन् घमेल्याची दुसरी बाजू उचलली गेली.

आकडा लावला. घमेलं वर गेलं. मंग तिसरं, मंग पुढचं. मी भरायची, म्हणायची, अन् ते उचललं जायचं. असा ताल बसला की मले तरुणपण आठवलं.

वरून दामिनी ओरडली, "आत्याबाई, हळू! आमाले ओढवून नाही राहिलं!"

"ओढा वो!" मी हसून म्हणली. "वर तुमी एवढ्या जणी, अन् खाली आमी दोघीच आहो!"

बोलली, अन् माहा हात जागीच थांबला.

वर दोर ओढायचा थांबला. मंग दामिनीचा बारीक आवाज आला. "...काय म्हणल्या?"

कंदील माह्या डाव्या बाजूले होता. चारी बाजूंचे दगड दिसत होते. घमेल्याच्या त्या कडेले चार बोटं होती. नखं झिजून पार मांसाले लागलेली, मनगटात हिरवी काचेची बांगडी. अन् मनगटाच्या वर... तिथं उजेड जातच नव्हता.

ओरडली असती तर बायांनी मले तवाच ओढून घेतलं असतं. पण मंग दुसरी कोणी उतरली नसती. सकाळी जेसीबी आलं असतं, अन् सासूच्या हातची विहीर बुजवून तिथं लोकांच्या मोटारी उभ्या राहिल्या असत्या. "काही नाही," वर ओरडून सांगितलं. "ओढ तू."

कानाजवळ थंड वारं आलं. तोंडात माती धरून कोणी बोलावं, तसा आवाज.

"थांबली कावून...?"

"थांबली नाही," मी म्हणली. "दम घेऊन राहिली."

"उद्या बुजवतात म्हणे..."

"पाणी लागलं त नाही बुजवत."

मी कुदळ पुन्हा उचलली. मंग, अगदी हळू, "मले पुन्हा मातीखाली नाही जायचं वो..."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी खोदलं, तिनं उचललं. भेव गेलं नाही. पण हात चालत होते, अन् हात चालतात तोवर माणूस टिकतं. असं काम मी कोणासंग केलं नाही. वर बाया दमल्या, पाळ्या बदलल्या, तरी घमेली येतच राहिली. मैनाबाई आजही लोकांले सांगते, "आमच्या रुक्मीनं एकटीनं चार माणसांचं काम केलं." मी हसून ऐकून घेते.

कोपऱ्यातल्या एका दगडाखाली कुदळ गेली अन् दगड हलला. आतून घुटघुट आवाज आला, तान्हं लेकरू दूध पिते तसा. माहे पाय थंड झाले. पाणी!

वर बाया ओरडल्या, नाचल्या. माह्या डोळ्यांले धारा लागल्या. अन् त्याच भरात, काम संपल्यावर म्हणतात ते मी म्हणून गेली. रोवण्यात, धानाची रोपं लावताना, जी आपल्या बांधीत राबली तिच्या बांधीत आपण राबायचं, हाताची फेड हातानंच करायची, ही आमची रीत. मी म्हणली, "तुह्या पाळीले मी येईन वो बाई."

पाण्याचा आवाजही थांबला असं वाटलं.

"येजो," ती म्हणाली.

सकाळी मशीन आलं तेव्हा साऱ्या बाया विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. भय्याजींनी वाकून पाहिलं. खाली कंबरभर पाणी, अन् त्यात त्यांचंच तोंड. मैनाबाईनं ताट पुढं केलं, "उतरवा आता." बिचाऱ्यांनी खरंच आरती केली. मशीनवाला टाळ्या वाजवत होता.

मंग आम्ही थांबलो नाही. प्रत्येक छताचं पावसाचं पाणी पाइपानं, रेतीतून गाळून विहिरीजवळ मुरवलं. दरवर्षी होळीनंतर बाया गाळ काढतात. दुर्गच्या मोहन नगरातून बाया पाहाले आल्या अन् त्यांनीही आपली विहीर उघडली. एकीनं विचारलं, इंजिनिअर कोण होता? मैनाबाई म्हणाली, "होती एक बाई."

यंदा पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. मी तर माघापासून खाटेवर आहे, पाय उचलत नाही. विहीर तळाले गेली, असं ऐकून जीव तुटत होता. बायांनी गाळ काढायचा दिवसही ठरवला होता. काल दामिनी पाणी घेऊन आली. तिचा चेहरा पाहून मले वाटलं, आटली.

"नाही आत्याबाई," ती म्हणाली. "पाणी चढलं. कोणी उतरलं नाही, तरी काठावर ओल्या गाळाचे ढीग लागले आहेत... नीट, एकाले एक लावून."

माही छाती भरून आली. त्या ढिगांचा मले असा गर्व वाटला, जसा पोटच्या लेकराचा वाटतो.

दामिनी चादर सारखी करायले वाकली, अन् तिचा हात माह्या पायावर थांबला. बाहेर उन्हाची लू चालली होती, कूलर बंद होता. पाय बर्फावानी थंड होते. तिनं तळवे उजेडाकडं वळवले. पांढरे पडलेले, फुगलेले, सुरकुतलेले. दिवसभर पाण्यात उभं राहून रोवणा करणाऱ्या बाईचे असतात तसे.

तिनं ते पदरानं पुसून काढले.

"आत्याबाई," तिनं हळूच विचारलं, "राती उतरताना तुमी... भेल्या नाही?"