साध्या पाण्याचा गुण

मिरजेच्या श्वसन संशोधन केंद्रात नंदिनी आरवाडे सकाळपासून एकाच तक्त्यापुढे बसून होती. फुप्फुसातल्या बुरशीवरच्या नव्या औषधाच्या चाचणीची आकडेवारी सांभाळणं तिचं काम. आज आकड्यांनीच तिला वेड्यात काढलं होतं.

"मॅडम, औषध दिलेले वीसजण बरे झाले. साधं पाणी दिलेले वीसजणही बरे झाले. मग आपलं औषध करतं काय?"

डॉ. रुखसार सतारमेकरने तक्ता आपल्याकडे ओढला. औषध तिनेच शोधलेलं. जागल्या नावाचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो बुरशीला हातही लावत नसे. फुप्फुसात झोपा काढणाऱ्या भक्षक पेशींना तो उठवी, उठलेल्या पेशी रक्तातल्या पेशींना उठवीत आणि सगळ्या मिळून बुरशीचा फडशा पाडीत.

चाचणीचे रुग्ण होते त्याच वॉर्डात तिचा धाकटा भाऊ जावेद होता. सतारीसाठी जुने भोपळे कोरताना बुरशी त्याच्या छातीत गेली होती. चार वर्षांपूर्वी रुखसारने त्याला आपलं मूत्रपिंड दिलं होतं. ते टिकावं म्हणून गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली, आणि तिथेच बुरशीचं फावलं. जागल्या त्याला चालणार नव्हता. उठलेल्या पेशींनी बुरशीसारखंच मूत्रपिंडही परकं मानलं असतं. त्यामुळे तो चाचणीत नव्हता. पण सगळे रुग्ण रांगेत बसून चाचणीचा वाफारा घेताना त्याला एकट्याला खाटेवर ठेवायचा पंक्तिप्रपंच तिला पाहवेना. तोही रांगेत बसे, साध्या पाण्याचा वाफारा घेत.

"दिलेला जागल्या दोन तासांत विरतो ना?" नंदिनीने दुसरा कागद पुढे केला. "मग दहा दिवसांनी रुग्णांच्या उच्छ्वासात तो कुठून येतोय? तोही दिला त्याहून जास्त."

रुखसारने कागदावरचे आकडे बोटाने एकेक करून ताडून पाहिले.

"उठलेली पेशी स्वतःच जागल्या बनवत असणार," ती सावकाश म्हणाली. "तो श्वासातून बाहेर पडतो आणि शेजारी बसलेला तो आत घेतो."

"म्हणजे एकाला औषध दिलं की अख्खी रांग बरी होते!"

दोघी हसल्या. दहा वर्षांच्या कष्टांचं चीज झालं होतं. रुखसारला मनापासून आनंद झाला आणि तो पुरता होण्याआधीच दारात जावेद उभा राहिला.

"आपा, तीन जिने चढून आलो बघ. कुठं थांबलो नाही. तुझ्या साध्या पाण्याला गुण आला."

आठ दिवस त्याची सुधारणा बघून ती खूश होती. आता तिला त्याच्याकडे बघवेना.

"लघवी नीट होतेय?"

"दोन दिवस जरा कमीच. पाय पण सुजलेत. का गं?"

तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं: शेजाऱ्यांच्या श्वासातून जागल्या त्याच्याही छातीत गेला असणार. गोळ्या वाढवल्या तर पेशी झोपतील, बुरशी परत येईल. नाही वाढवल्या तर मूत्रपिंड जाईल. काय करावं हे तिलाही कळत नव्हतं, तेही तिने सांगितलं.

जावेदने ओटीपोटाच्या कडेला, तिने दिलेल्या मूत्रपिंडाच्या जागी हात ठेवला.

"म्हणजे माझ्या अंगाला आता तू परकी झालीस?"

रुखसारला नाही म्हणायचं होतं. तिने त्याची बाही वर सारली आणि तपासणीसाठी रक्त घेतलं.