धूळ वळत नाही

नकाशांच्या प्रती काढणाऱ्या दुकानात रुंद स्कॅनरचा दिवा तेवढा जागा होता. त्याच्या उजेडात टेबलावर पसरलेली नकाशाची प्रत धुतलेल्या चेहऱ्यासारखी निर्विकार दिसत होती.

"मूळ नकाशा कुठे आहे?" भूमापन खात्याच्या तपासनीस बाईंनी विचारले.

"याच दुकानात हरवला," थोरला भाऊ म्हणाला.

दुकानदार चष्मा पुसत राहिला. "साहेब, गुंडाळी तुमच्या हातात दिली होती मी. आता चोराच्या उलट्या बोंबा कोणाच्या, ते बाई ठरवतील."

धाकटी बहीण दाराशी उभी होती. पुढचे घर भावाचे, मागचे तिचे. मधल्या अंगणातली वाट बंद करून भाऊ उद्या भिंत घालणार होता.

"वडिलांनी आमच्यादेखत नकाशावर वाट आखून दिली होती," ती म्हणाली. "प्रतीत ती नाही."

"नव्हतीच. आणि पेन्सिलीने कोणी नकाशे काढतं का?"

बाई प्रतीवर वाकल्या. कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ करडी रेघ होती. अंगणाच्या कोऱ्या जागेत काही काळे ठिपके विखुरले होते.

"ही रेघ कसली?"

"काचेवर धूळ होती," दुकानदार खाली मान घालून म्हणाला.

"आणि ठिपके?"

"तोच कचरा," भावाने परस्पर उत्तर दिले. "घाणेरडं मशीन."

"मशीन घाणेरडं, मग प्रत एवढी गोरीपान कशी? जुनाटपणा पार घालव, असं तुम्हीच सांगितलंत. मी यंत्राची फिके डाग पुसणारी सफाई शेवटापर्यंत चढवली."

बाईंनी पिशवीतून शेजारच्या जागेचा, त्याच काळी छापलेला नकाशा काढला. पिवळा, घड्यांनी थकलेला. मोकळ्या जागेत गवतासाठी फिके ठिपके छापलेले. त्यांवरून त्यांनी पेन्सिलीची हलकी रेघ ओढली.

"काच पुसा. बाकी सफाई तेवढीच ठेवा."

कागद यंत्रातून सरकत गेला. प्रतीत पिवळेपणा नव्हता, घड्या नव्हत्या, पेन्सिलीची रेघही नव्हती. बाईंनी ती प्रत दिव्याजवळ धरून निरखली.

भाऊ हसला. "म्हणून आमच्या नकाशावर रेघ होती असं ठरतं? अंधारात दगड मारताय, बाई."

"नाही. नीट बघा. काच जागेवर असते, कागद सरकतो. त्यामुळे काचेवरचा कण ठिपका होऊन थांबत नाही, कागदभर सरळ रेघ ओढतो. तुमच्या प्रतीतली करडी रेघ धुळीची आहे. ठिपके कागदावरचे आहेत."

"असतील. मग?"

"गवताचे ठिपके तुमच्याही अंगणात छापलेले होते. सफाईत ते गेले, हे मोजकेच कसे उरले?" त्यांनी नवी प्रत पुढे सरकवली. पुसलेल्या रेघेच्या जागी काळ्या ठिपक्यांची रांग उरली होती. "फिका ठिपका एकटा पुसला जातो, फिकी रेघही एकटी पुसली जाते. एकावर एक आली की दोन्ही मिळून गडद होतात आणि तगतात."

त्यांचे बोट जुन्या प्रतीवर फिरू लागले. फाटकापासून निघाले, विहिरीला वळसा घालून मागच्या दाराशी थांबले. वाटेतला एकही ठिपका सुटला नाही.

"धूळ वळत नाही," त्या म्हणाल्या. "वाट वळते. आणि पेन्सिलीचं नाव तुमच्या बहिणीनं काढलंच नव्हतं. रेघ कशानं काढली होती हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच ती यंत्राकडून पुसून घेतलीत."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला. भावाने खिशात हात घातला, रिकामाच बाहेर काढला.

"भिंतीचं काम आज थांबेल," बाई म्हणाल्या.

भाऊ दाराकडे वळला. बहीण तिथेच होती.

"दादा, वडिलांच्या हातचा कागद होता तो. ठेवलायस ना?"

तो तिच्यासमोर क्षणभर अडला. मग तिने अंग चोरून त्याला वाट दिली, आणि तो निघून गेला.