एकच सोडायचं राहिलंय

सुकेशनीला देवाधर्माचं वेड नव्हतं. परभणीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. पण थोरला भाऊ घर सोडून गेला तो कुणी म्हणे भंते झाला, कुणी म्हणे बैरागी. आणि चांगुणाबाईंनी, तिच्या आईनं, एकच धोशा लावला होता. "भंते असू दे न्हाईतर बैरागी. एकदा डोळ्यानं बघू दे मला." म्हणून श्रावणातल्या एका रविवारी मायलेकी भाड्याच्या गाडीनं निघाल्या. पावसाळ्यात भंतेंचा वर्षावास, साधूंचा चातुर्मास. दोघंही जागचे हलत नाहीत. माणूस हुडकायचा तर हाच हंगाम, असा सुकेशनीचा हिशोब.

वाटेत गाडी चिखलात रुतली. देवगाव फाट्याजवळच्या विहारात पोचेपर्यंत बारा टळून गेले. भंते दुपारनंतर जेवत नाहीत, त्यामुळं आईनं पहाटे उठून केलेल्या भाकरी आणि अंबाडीची भाजी डब्यातच राहिली. भंते तर विशीतले, दाढीही नीट न फुटलेले. हा काही आपला थोरला नव्हे, हे सुकेशनीनं दारातच ताडलं. तरी आईसोबत तिनं पंचांग प्रणाम केला.

मग भंतेंनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली.

आवाज थोरल्याचा होता. तोच घोगरा, दर ओळीआधी खाकरणारा. चांगुणाबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"गेल्या वर्षावासात इथं एक प्रवासी राहिले होते," भंते संकोचून म्हणाले. "त्याआधी माझा आवाज असा नव्हता. ते गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं गेले, सोनपेठच्या अंगाला."

सुकेशनीला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. घशाचा आजार, योगायोग, आईची आस. गाडी निघून पोखर्णी गाव मागं पडेपर्यंत तिनं सगळी कारणं लावून पाहिली. एकही बसेना, आणि तिची उत्सुकता काही तिला स्वस्थ बसू देईना.

गोदावरीकाठच्या मठातले महाराज सत्तरीचे, ठेंगणे, पांढऱ्या दाढीचे. आईनं डबा त्यांच्यापुढं उघडला. महाराजांनी भाकरीचा पापुद्रा अलगद सोलला, गुंडाळी करून आधी तो खाल्ला आणि मग उरलेल्या भाकरीला भाजी लावली. थोरला असंच खायचा. लहानपणी यावरून त्यानं आईचा मारही खाल्ला होता.

"कधीपासून असं खाता, महाराज?" सुकेशनीनं विचारलं.

"तो आल्यापासून. जाईल तिथं एकेक ठिवून देतो. म्हन्ला, घर सोडलं, पन अंगाला लय चिकटलंय अजून. आता एकच सोडायचं ऱ्हायलंय." महाराजांनी घाटाकडं बोट केलं. "तो काय, बसलाय. हाक मारा, वळंल."

खाली पाण्याशी एक पाठमोरा माणूस बसला होता.

चांगुणाबाईंना रडू फुटलं. "मार गं हाक. माझा आवाज पोचायचा न्हाई."

सुकेशनी काही पायऱ्या उतरली. तिनं तोंड उघडलं.

नाव आठवेना.

सकाळपासून गाडीत आईनं ते दहादा घेतलं होतं. सुकेशनीनं डोळे मिटून पाहिलं. पहिलं अक्षरही येईना.

माणूस उठला. मागं न बघता पाण्याच्या कडेनं चालू लागला.

"आई, लवकर सांग! काय म्हणून हाक मारायची त्याला?"

चांगुणाबाईंचे डोळे कोरडे झाले होते. कित्येक वर्षांत दिसल्या नव्हत्या इतक्या निवांत दिसत होत्या. लेकीसाठी त्या डब्यातून भाकरी काढत होत्या.

"कुनाला गं?"