दोनाची एक आज्ञा

“माझ्या भावाने गुन्हा कबूल केलाय मॅडम, आणि तो खोटं बोलतोय,” मीना आहेर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

सरिता पगारांनी हातातलं पेन खाली ठेवलं. खासगी चौकशीच्या त्यांच्या ऑफिसात लोक यायचे ते बहुतेक सोयरिकीची माहिती काढायला. कबुली खोटी ठरवा म्हणणारी ही पहिलीच! पुंजारामकाका कान टवकारून बसले. रेल्वेतून निवृत्त होऊन मनमाडहून नाशकात आल्यापासून ते सरिताबाईंच्या मदतीला असत. मदत म्हणजे काय, तर चहा मागवायचा आणि शेवटी ‘अरेच्चा!’ म्हणायचं, असं ते स्वतःच सांगत.

हकीकत अशी. अंबडच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियम वितळवायची भट्टी होती. चार कोपऱ्यांना चार तापमापक. कुठलाही कोपरा मर्यादेबाहेर तापला, की भोंगा वाजायचा. त्या भोंग्याचा प्रोग्राम मीनाच्या भावाचा, धनराजचा. दिवाळीनंतर एका कोपऱ्याच्या तापमापकाची तार जळून तुटली, तो कोपरा भलताच तापला आणि फुटला. भोंगा वाजलाच नाही. भिकन नावाचा कामगार वितळलेल्या धातूत सापडून गेला.

“तार तुटली तरी भोंगा वाजावा, अशी सोय दादाने केली होती. आता म्हणतो, ती मीच काढून टाकली. आईवडिलांमागे त्यानेच मला वाढवलं, मॅडम. त्याला सोडवा हो.”

“तुम्ही काय करता?”

“मीही सॉफ्टवेअरमध्येच. कंपायलर बनवते. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवून देणारा प्रोग्राम. आमच्या कंपनीची नवी चिप आता दादाच्या भट्टीवरही आहे. तिच्यावर चार आकड्यांची तुलना एका झटक्यात होते. त्या तुलना मी सुधारल्या. जिथे दोन आज्ञा लागायच्या, तिथे एकीत भागवलं.” सांगताना तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. काकांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पोर हसली याचंच त्यांना बरं वाटलं.

कारखान्यात भट्टीवरचा सुपरवायझर दत्तू भेटला.

“नवी चिप कधी बसवली?” सरिताबाईंनी विचारलं.

“दसऱ्याला. मुहूर्त ना! प्रोग्राम जुनाच. एक अक्षर बदललं नाय, नुसता नव्या चिपसाठी परत उतरवून घेतला, असं धनराजसाहेब बोलले.”

“तपासलात?”

“मग! मर्यादा खाली आणली, तसा भोंगा बोंबलला.”

“आणि तार काढून?”

दत्तू घुटमळला. “दर वेळी बघतो, ताई. पन त्या दिवशी पूजा झालेली. तापमापकांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. पूजेला मांडलेलं हत्यार हलवत नाय ना आपण. मग काम लागलं, अन् ते राहूनच गेलं.” त्याचे डोळे भरून आले. “भिकन रोज माझ्या शेजारी जेवायला बसायचा हो.”

“हाच तो कामचुकार! याला आत टाका,” बाहेर आल्यावर काका कडाडले.

“याने तपासणी चुकवली, काका. बिघाड नाही केला.”

तुरुंगात धनराज मान खाली घालूनच समोर आला. “माझीच चूक. लिहून दिलंय मी.”

“तार तुटली तर भोंगा वाजावा, हे लिहिलं कसं होतंत?”

“सोपं होतं. ‘चारही तापमानं मर्यादेत आहेत’ असं नसेल, तर वाजव.” एवढं बोलून त्याने जीभ चावली. “नंतर काढलं ते.”

“कुठली ओळ काढलीत?”

धनराजने मान आणखीच खाली घातली. सरिताबाई आणि काकांनी पाठ फिरवली, तेव्हा मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही. “मीनाला कोणी काही विचारलं नाही ना?”

दुसऱ्या दिवशी सरिताबाईंनी मीनाला बोलावून घेतलं.

“तुमच्या भावाने काहीही काढलेलं नाही. काढायला वेगळी ओळच नव्हती, सगळी सोय त्या एका वाक्यात होती. आणि वाक्य तर बदललं नाही. मग दसऱ्याला नवं काय आलं? चिप, आणि तिच्यासाठी प्रोग्राम उतरवून देणारा.”

“माझा कंपायलर?” मीना गोंधळली.

“तापमान मर्यादेइतकं किंवा कमी आहे का, हे बघायचं आणि उत्तर उलटं करायचं. या दोन आज्ञांची तुम्ही एक कशी केलीत?”

“तापमान मर्यादेहून जास्त आहे का, एवढंच बघायचं. एकच की ते! कमी नाही, तेवढंच नाही, म्हणजे जास्तच.”

“आकडा असेल तर. तुटलेल्या तारेतून काय येतं?”

“आकडा नसल्याची खूण. तिला कमी-जास्त काहीही विचारा, उत्तर येतं, नाही...” मीनाने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

काकांना अजून उलगडा झाला नव्हता. सरिताबाई त्यांच्याकडे वळल्या. “काका, सिग्नलचा दिवाच विझलेला दिसला तर?”

“गाडी थांबवायची. हिरवा कुठंय?”

“धनराजने तेच लिहिलं होतं, हिरवा नसेल तर थांब. कंपायलरने त्याचं केलं, लाल असेल तर थांब. दसऱ्याला मर्यादा खाली आणली, लाल लागला, भोंगा वाजला. पुढे तार तुटली आणि दिवा विझला. बाकीचे तीन कोपरे हिरवेच होते.”

त्या दिवशी काकांच्या तोंडून ‘अरेच्चा’ निघालं नाही.

“दादाला हे माहीत होतं?”

“अपघातानंतर त्याने उतरलेल्या आज्ञा पाहिल्या असणार. म्हणून तर नसलेली ओळ काढल्याची कबुली दिली, आणि मला विचारलं ते फक्त तुमच्याबद्दल. पोलिसांना आज तुम्ही सांगा, मीना. नाहीतर मला सांगावं लागेल.”

“मीच सांगते.” मीनाने डोळे पुसले. “पण आधी भिकनच्या घरी जाते. काका, तुम्ही याल?”

एकलहऱ्याला भिकनची बायको, कुसाबाई, ओट्यावर बसली होती. मीनाने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही.

“तार तुटलेली त्या यंत्राला आधी कळत व्हती?” कुसाबाईने विचारलं.

“हो.”

“अन् तुझ्यामुळं कळंनाशी झाली.”

“हो, ताई. मुद्दाम नाही केलं, पण माझ्यामुळेच.” मीना हमसून हमसून रडायला लागली. काकांनाही रडू आवरेना. कुसाबाई तेवढी कोरडीच राहिली. तिचं रडून झालं होतं.

“हितं नको रडू. पोलिसांत जा,” ती उठत म्हणाली. “तुझ्या भावाला सोडवून आन. तुला आनायला मानूस तरी हाय.”

आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं.