मागे उरणाऱ्यांची ऊब

धाकट्या अभिजितचं लग्न लावून हिंदुराव खरमाटे मोकळे झाले आणि त्याच वर्षी विट्याचं घर सोडून लडाखच्या पठारावर लेकीकडे राहायला आले. त्यांची लेक स्वप्नाली तिथल्या खनिज वसाहतीत अभियंता होती. तिचे आबा आले त्या आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेत 'देहऊब-घरा'ची शेवटची चाचणी चालली होती.

"माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देतो," डॉ. अलताफ तांबोळी म्हणाले. मूळचे मिरजेचे हे डॉक्टर वसाहतीचा दवाखाना सांभाळत. घराच्या रचनेतलं शरीराचं गणित त्यांनीच मांडलं होतं. "म्हातारा माणूस झोपला की साठावर येतो."

"ती उष्णता आपण वाया घालवतो आणि डिझेल जाळून नवी विकत घेतो," स्वप्नाली म्हणाली. "या ऊबधर भिंतीत मेण भरलंय. घर तापलं की ते वितळतं आणि उष्णता पोटात ठेवतं. गार झालं की गोठताना परत देतं. घरात दोन माणसं असली तर हीटर लागत नाही."

"आणि एकच राहिलं तर?"

"वारा पडलेला असेल तर भागतं. वादळात नाही. म्हणून तर गृहरक्षक बसवलाय."

गृहरक्षक म्हणजे दाराला जोडलेला संगणक. कोणी बाहेर निघालं की तो मागे उरणाऱ्यांच्या अंगची उष्णता मोजी. तेवढ्यावर घर तग धरणार नसेल तर तो कुलूप सोडत नसे. आदल्या हिवाळ्यात वसाहतीतले दोघे भाऊ क्रिकेटचा अंतिम सामना बघायला क्लबात गेले आणि वादळात तिथेच अडकले. हीटरचं डिझेल संपलं आणि घरात एकटी राहिलेली त्यांची आई गारठून दगावली. त्यानंतर स्वप्नालीने हा नियम लिहिला होता.

"सगळेच निघाले तर?"

"मग अडवायचं कुणासाठी? एकटा माणूसही केव्हाही जाऊ शकतो, कारण मागे जिवंत कोणी उरत नाही. कुलूप आपोआप सुटतं."

"तरी ताई, अडीअडचणीला एक किल्ली ठेवा."

"डॉक्टर, आपली माणसं तुम्हाला माहीत नाहीत का? किल्ली दिली की दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेरच्या खिळ्याला लटकते."

डॉक्टर हसले. किल्लीचा विषय तिथेच संपला.

पहिला हीटर स्वप्नालीने स्वतःच्या घरातला काढला. शेगडीला जेमतेम वरणभातापुरती वीज ठेवली. दिवाळीपर्यंत वसाहतीचं डिझेल निम्म्यावर आलं. आबा येईल त्याला सांगत, "लेकीकडं मी पाव्हणा न्हाय बरं का. मी बंब हाय, बंब!"

हिवाळ्यात मात्र कोणी कोणाकडे जाईना. घरातलं एक माणूस उठलं की मागचे अडकत, म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकूही बायकांनी पडद्यावरच उरकलं.

त्यानंतर वादळ आलं आणि आबांची छाती भरली. श्वासाला घरघर लागली, ओठ निळसर झाले. मनोरा पडल्यामुळे फोन बंद होता. प्राणवायूची नळकांडी आणि इंजेक्शनं दवाखान्यात होती. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता आणि तिथवर धरून जायला दोर बांधलेला होता. स्वप्नालीने जाड कोट चढवून दाराला हात लावला.

"मागे एक व्यक्ती. ऊब अपुरी," गृहरक्षक म्हणाला. "वारा मंदावला किंवा आणखी कोणी आत आलं तरच दार उघडेल."

तिने खांद्याने धक्के दिले, मग पहार उचलली आणि परत खाली ठेवली. कुलूप तोडलं तर दार पुन्हा लागणार नव्हतं, आणि उघड्या दाराच्या घरात आबा घटकाभरही टिकले नसते.

"सपे, कवाड का बडवतीस?" अंथरुणातून आबांनी विचारलं.

"उघडत नाही, आबा."

"केलंय कुणी?"

"मीच."

"मग झ्याक केलंय. आमच्या गोठ्याचं असतं तर म्हशीनं शिंगानं उघडलं असतं."

"चेष्टा नका करू. आपण दोघंच निघू. दोघं निघालो तर अडवणार नाही तो. मी पाठीवर घेते तुम्हाला."

"ह्या वाऱ्यात?" आबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत स्वप्नाली त्यांची पाठ धरून बसली. "दवाखान्यापातुर माझं घोंगडं पोचंल. मी न्हाय पोचायचो. त्यापरीस हितं बस. पाय चोळ माझं."

ती पाय चोळत बसली. नजर दारावरच्या पडद्यावर होती. तिथला आकडा आबांच्या अंगची ऊब दाखवत होता. तो जरा वर गेला की तिला आशा वाटे, खाली आला की ती पाय आणखी जोरात चोळी. पहाटेकडे घरघर कमी झाली. आबांना झोप लागली असं वाटून तिने त्यांच्यावर स्वतःचीही रजई घातली आणि दाराला कपाळ टेकून, डोळे मिटून उभी राहिली.

उजाडल्यावर कुलूप खट्कन सुटलं.

"वारा पडला! आबा, आलेच मी!" ती ओरडली. दार जास्त वेळ उघडं राहू नये म्हणून मागे न बघता बाहेर पडली आणि तिने ते ओढून घेतलं.

बाहेर तिला उभं राहता येईना. दोराला धरून, गुडघ्यांवर सरकत ती दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी तिला आत ओढलं, तिचं बोलणं ऐकलं आणि लगेच नळकांडं पाठीला बांधायला घेतलं.

"चला लवकर," ती म्हणाली. "आता एकट्याच्या उबेवर भागतंय, पण किती वेळ ते सांगता येत नाही."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ताई, वारा तर रात्रीपेक्षा वाढलाय. दार उघडलं कसं?"

"गृहरक्षकाने सोडलं."

नळकांड्याचा पट्टा आवळणारा डॉक्टरांचा हात थांबला.

"आबांना तुम्ही बरोबर आणलंत का?"

"नाही, ते आतच... झोपलेत ते. मागे ते एकटेच..."

वादळात कुलूप सुटतं ते मागे जिवंत कोणी नसेल तरच. नियम तिनेच लिहिला होता.

डॉक्टरांनी पट्टा आवळला, टोपी घातली आणि तिचा हात धरून दार उघडलं.

हिंदुराव ज्ञानू खरमाटे, वय वर्षं ब्याऐंशी, पौष वद्य षष्ठीला, गुरुवारी, दिवस उगवताना वारले.